जुन्या फळीचा पाट

पावसाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस लोटले, की घरातील एखादे दार चौकटीत घट्ट बसू लागते. उन्हाळ्यात एका बोटाने लोटता येणारे तेच दार आता खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. मोठी माणसे म्हणतात, "दार फुगले." दिवाळी उलटली, की ते पुन्हा पूर्ववत होते. ज्या झाडाचे ते दार केले, ते झाड तोडून कदाचित शंभर वर्षे झाली असतील. तरीही हवेतील ओलावा वाढला की त्याचे लाकूड फुगते आणि हवा कोरडी झाली की ते आकसते. लाकडाचा हा स्वभाव ज्याला कळला, त्याला सुतारकामाचे निम्मे मर्म कळले, असे म्हणण्यास हरकत नाही. मला तो एक चांगली फळी गमावल्यावर कळला.

माझ्या लहानपणी कोकणातील आमच्या घराची दुरुस्ती निघाली. परसाकडचे सागवानी दार खालच्या बाजूने कुजले होते, म्हणून ते काढून नवे बसवले. जुने दार फोडून बंबाच्या जळणात टाकावयाचे ठरले. त्यातील दोन फळ्या मात्र धड होत्या. त्या मी मागून घेतल्या आणि आजीसाठी पाट करावयाचे ठरवले. श्रावणाचे दिवस होते. एक फळी मापाने कापली, तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या ठेवल्या आणि पाट डगमगू नये म्हणून प्रत्येक पट्टीत ओळीने सहा-सहा खिळे ठोकले. पाट अगदी घट्ट झाला. आजी रोज त्यावर बसून जेवू लागली. मलाही मोठा अभिमान वाटला. पुढे वैशाखातल्या एका दुपारी, कोणी हातही लावला नसताना, माजघरात ‘कट्’ असा आवाज झाला. जाऊन पाहतो, तो पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला होता.

आमच्याकडे काम करणाऱ्या सुतारकाकांना मी तो दाखवला. त्यांनी पाट उलटा केला, खिळ्यांच्या रांगा पाहिल्या आणि म्हणाले, "अरे, लाकडाला हलायला जागाच ठेवली नाहीस!" मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. दुसरी फळी कापण्याआधी तो समजून घेणे भाग होते, कारण तिसरी फळी नव्हती.

मुलांनो, लाकूड म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची जुडीच होय. जिवंत झाडात या नळ्यांतून मुळांकडचे पाणी वर चढते. झाड तोडल्यावर नळ्यांच्या पोकळीतील पाणी प्रथम उडून जाते. त्या वेळी लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला, म्हणजे नळ्यांच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते. भिंती पातळ होतात आणि मग लाकूड आकसू लागते. ओलावा परत मिळाला, की त्याच भिंती पुन्हा फुगतात. यात एक मौज अशी, की लाकूड लांबीत जवळजवळ बदलतच नाही; जो काही बदल होतो तो रुंदीत व जाडीत. सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी भर पावसाळ्यात कडक उन्हाळ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद होऊ शकते.

आता माझ्या पाटाचे काय झाले, ते तुमच्या ध्यानात येईल. पाटाखालच्या पट्ट्या फळीच्या शिरांना आडव्या बसवतात. पट्टीची लांबी बारा महिने तेवढीच राहते. तिच्यावरची फळी मात्र रुंदीत कमीजास्त होते. मी श्रावणात फुगलेली फळी बारा खिळ्यांनी जखडून टाकली. वैशाखात तिला आकसावयाचे होते, पण खिळे तिला सोडीनात. त्या ओढाताणीत फळी चिरली.

मग पट्ट्या लावूच नयेत काय? तसेही चालत नाही. फळीचे कापलेले टोक निरखून पाहा. त्यावर कमानीसारख्या रेषा दिसतील. त्या झाडाच्या वाढीच्या वलयांच्या रेषा होत. साग उन्हाळ्यात पाने गाळतो आणि पावसाळ्यात जोमाने वाढतो. म्हणून त्याची वलये स्पष्ट उमटतात. लाकूड वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आकसते. त्यामुळे वाळताना या कमानी सरळ होऊ पाहतात आणि फळीला बाक येतो. पट्ट्या हा बाक आवरून धरतात, शिवाय पाट ओल्या जमिनीपासून उचलून ठेवतात. तेव्हा पट्टी हवीच. फक्त तिने फळीला वाकू देऊ नये, पण रुंदावण्यास व आकसण्यास मोकळीक द्यावी.

जुन्या लाकडाचे महत्त्व येथेच कळते. ताज्या कापलेल्या फळ्या सावलीत, हवा खेळेल अशा रीतीने थप्पी लावून वाळवाव्या लागतात. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. जुन्या दाराची फळी मात्र कित्येक पावसाळे-उन्हाळे पाहून मुरलेली असते. तिला वाकावयाचे तेवढे ती बहुधा वाकून चुकलेली असते. सागवानात एक प्रकारचा तेलकट अंश असतो. त्यामुळे पाणी व कीड यांना ते सहजी दाद देत नाही. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ नावाची सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. अनेक दुरुस्त्यांनंतर ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. उलटपक्षी, चांगल्या जाडीचे सागवान तयार होण्यास पन्नास वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. अशी फळी बंबात घातली, तर तिच्यावर एका घरच्या आंघोळीचे पाणी काय ते तापते.

तुम्हांलाही असे लाकूड मिळू शकेल. मोडके पलंग, जुन्या खिडक्या, देवदारी खोकी ही घरोघरी किंवा भंगारवाल्याकडे आढळतात. लाकडाच्या वखारीत उरलेले लहान तुकडेही स्वस्तात मिळतात. मात्र मिळालेले प्रत्येक लाकूड घेऊ नये. फळीवर बोटाने टकटक करावी. आवाज बद्द आला, तर ती आतून पोखरलेली असण्याचा संभव असतो. बारीक छिद्रे व त्यांतून गळणारी पिठासारखी पूड ही किडीची खूण होय. जुन्या रंगात शिशासारखे विषारी द्रव्य असू शकते. म्हणून रंगवलेले लाकूड घासू नये, बिनरंगाचेच निवडावे. परदेशी मालाच्या खोक्यांवर शिक्का असतो. त्यात ‘एच टी’ अशी अक्षरे असली, तर ते लाकूड केवळ उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. ‘एम बी’ असली, तर त्याला विषारी वायू दिलेला असतो व ते टाळणे बरे. शेवटी सर्व फळीवरून लोहचुंबक फिरवावे. आत मोडून राहिलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही, पण चुंबकाला सापडतो. असा एक खिळा करवतीचे दाते बोथट करण्यास पुरेसा असतो.

दुसऱ्या फळीचे काम मी सुतारकाकांच्या नजरेखाली केले. प्रथम पकडीने खिळे उपटले. पकडीखाली लाकडाचा एक तुकडा ठेवला, म्हणजे फळीला खळगा पडत नाही. मग गुण्या लावून काटकोनात रेघ आखली. करवतीचे पाते ज्या वाटेने जाते, तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. म्हणून करवत रेघेवर न चालवता टाकाऊ भागाच्या बाजूने चालवली. नंतर रंधा मारला. मांजराच्या अंगावरून शेपटीकडे हात फिरवला, तर केस बसतात. उलटा फिरवला, तर उभे राहतात. लाकडाच्या शिरांचेही तसेच आहे. फळीच्या कडेवर शिरा ज्या दिशेने वर चढत जाताना दिसतात, त्या दिशेने रंधा मारावा. लांब, गुंडाळलेले छिलके निघू लागले, म्हणजे दिशा बरोबर आहे असे समजावे. लाकूड उचकटू लागले, तर फळी फिरवून घ्यावी.

पट्ट्या बसवताना या वेळी मळसूत्री खिळे, म्हणजे स्क्रू घेतले. प्रत्येक पट्टीत तीनच भोके पाडली. मधले भोक गोल ठेवले आणि तेथे स्क्रू घट्ट आवळला. दोन्ही टोकांची भोके मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट केली आणि त्यांतील स्क्रू बेताने पिळले. फळी फुगली वा आकसली, तर स्क्रू त्या लांबट भोकात किंचित सरकतात. सरस मुळीच लावला नाही. काचकागदाने पाट घासून त्याला जवसाचे तेल चोळले. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, ही ताकीद काकांनी दोनदा दिली. कारण अशा बोळ्यात उष्णता साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात. तुम्ही हे काम कराल, तेव्हा करवत व पटाशी चालवताना जवळ मोठे माणूस असू द्या आणि दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीही ठेवू नका.

पाट तयार झाला, पण त्याची खरी परीक्षा व्हावयाची होती. वैशाख आला, तेव्हा मी रोज दुपारी माजघरात डोकावत असे. महिना गेला, मृगाचा पाऊस पडला, तरी पाट अखंड राहिला. त्याच्या खालच्या बाजूस दाराच्या बिजागरीचा एक उथळ खळगा होता. तो रंध्याने काढून टाकता आला असता. आजीने तो राहू द्यावयास सांगितले. सासरी आल्या दिवसापासून त्या दाराने ती विहिरीवर जात असे.