पोटावरील शस्त्रक्रिया आणि श्वासाचा अभ्यास

पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या उशाशीं बसलेलीं घरचीं माणसें त्याला बहुधा एकच उपदेश करितात: "हलूं नका, खोकूं नका, स्वस्थ पडून राहा." या उपदेशामागें माया असते खरी, पण फुप्फुसांच्या दृष्टीनें पाहतां तो हिताचा नव्हे.

छाती आणि पोट यांच्यामध्यें स्नायूंचा एक पडदा आहे. तो खालीं सरकला म्हणजे फुप्फुसें तळापर्यंत हवेनें भरतात. भुलीचा परिणाम, जखमेची वेदना आणि उताणें पडून राहणें यांमुळें या पडद्याची हालचाल मंदावते. छेद पोटाच्या वरच्या भागांत असेल तर विशेषच. मग श्वास उथळ होतो आणि फुप्फुसांच्या तळचे सूक्ष्म वायुकोश मिटूं लागतात. खोकला दाबल्यानें कफ तेथेंच सांचतो व न्यूमोनियाला वाट मिळते. लंडनचे डॉक्टर विल्यम पाश्चर यांनीं पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस असें मिटल्याचें वर्णन १९१० सालींच केलें होतें.

यावर उपाय साधा आहे. डॉक्टरांची अनुज्ञा मिळतांच रोग्यानें उशांना टेकून ताठ बसावें. नाकानें सावकाश खोल श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद रोखावा आणि हळूहळू सोडावा. जागेपणीं दर तासाला असे दहा श्वास घ्यावे. नंतर जखमेवर उशी घट्ट धरून खोकावें. त्या आधारानें वेदनाही कमी होते आणि टांक्यांवरील ताणही. वेदना फार असल्यास ती सोसत न बसतां सांगावी, कारण दुखत असतां खोल श्वास घेववत नाहीं. शक्य तितक्या लौकर उठून चालणें हेंही तितकेंच महत्त्वाचें. ताप आला किंवा धाप लागली, तर मात्र केवळ व्यायामावर विसंबूं नये. डॉक्टरांना तत्काळ कळवावें.

परंतु भुलीच्या गुंगींत आणि वेदनेंत असलेला रोगी नवी गोष्ट शिकणार कशी? ती आधींच शिकलेली असावी. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील तीन रुग्णालयांत ४४१ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटाला केवळ माहितीपत्रक दिलें. दुसऱ्याला त्याशिवाय शस्त्रक्रियेपूर्वीं अर्धा तास श्वासाचा पाठ दिला. पहिल्या गटांत २७ टक्के रोग्यांना फुप्फुसांचा उपद्रव झाला, तर दुसऱ्यांत १२ टक्क्यांनाच.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला म्हणजे घरांत पैशांची, कपड्यांची, डब्याची तजवीज सुरू होते. त्याच तयारींत या अर्ध्या तासालाही स्थान असावें.