अंडकोषातली गाठ आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट

हा विषय घरात मोठ्याने वाचायला अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी पान उलटू नका.

आमच्या वस्तीतला एक भाऊ, हमालीचे काम करणारा, चाळिशीच्या आतला. अंडकोषात गाठ हाताला लागत असूनही पाच महिने गप्प राहिला. बायकोलाही सांगितले नाही. शेवटी हायड्रोसील असेल म्हणून दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, तर सेंटरच्या दारातून परत आला. बाकावर सगळ्या गरोदर बाया, भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नसल्याची पाटी. हे आपले ठिकाण नव्हे, असे त्याला वाटले. दुसऱ्या वेळी आमच्यापैकी एक जण सोबत गेला.

तपासणीत घाबरण्यासारखे काही नाही. पिशवीवर थंड जेल लावतात आणि यंत्राची मूठ हलकेच फिरवतात. सुई नाही, एक्स-रेचे किरण नाहीत. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात, त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. निरोगी वृषण एकसारखे राखाडी दिसते, साठलेले पाणी काळे दिसते, गाठ बहुधा काळपट डागासारखी. रिपोर्टात ‘हायपोएकोइक’ असा शब्द असतो. ते आजाराचे नाव नाही. त्या जागेवरून लहरी कमी परतल्या, एवढाच त्याचा अर्थ.

या भावाच्या रिपोर्टात दोन्ही वृषणांत असे बारीक बारीक डाग होते आणि वृषणाच्या मागची नळीची वेटोळी, म्हणजे एपिडिडिमिस, सुजलेली होती. घरात कॅन्सर म्हणून रडारड सुरू झाली. निघाला मात्र सार्कोइडोसिस.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती उगाच चवताळते आणि पेशींचे पुंजके जमून गाठी होतात. बहुतेकांना त्या फुप्फुसात आणि छातीतल्या लसिकाग्रंथींत होतात. डोळ्यांत, त्वचेवरही होतात. पुरुषाच्या जननेंद्रियात फार क्वचित, आणि तिथे झाल्या तर जास्त करून एपिडिडिमिसमध्ये. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बायकोने वेगळे झोपायचे कारण नाही.

अडचण अशी, की सोनोग्राफीत कॅन्सर, टीबी आणि सार्कोइडोसिस एकमेकांसारखे दिसू शकतात. कॅन्सरची गाठ बहुधा एकाच बाजूला आणि एकच असते, दुखत नाही. दोन्ही बाजूंना अनेक लहान गाठी असल्या तर सार्कोइडोसिसचा विचार करावा लागतो. पण रक्ताचा एक प्रकारचा कॅन्सर, लिम्फोमा, हाही तसाच दिसतो. टीबी तर आपल्याकडे घरोघरचा. तो बहुधा एपिडिडिमिसपासून सुरू होतो, कधी कातडी फुटून पू वाहतो. म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर कोणी ठामपणे नाव सांगत असेल, तर आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊ.

पुढची पायरी साधी असते. छातीचा एक्स-रे, कॅन्सरच्या खुणा बघणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, टीबीसाठी लघवी आणि थुंकीची तपासणी. या भावाच्या छातीत दोन्ही बाजूंच्या ग्रंथी वाढलेल्या दिसल्या. दुर्बिणीने त्यातला तुकडा काढून तपासला. टीबीच्या गाठीत मधोमध दह्याच्या चोथ्यासारखा कुजलेला भाग सापडतो, तो इथे नव्हता. टीबीचे जंतूही मिळाले नाहीत. छातीतून उत्तर मिळाले, म्हणून अंडकोषाला हात लावावा लागला नाही. जगात अनेक रुग्णांचे वृषण कॅन्सर समजून काढले गेले आणि सार्कोइडोसिस असल्याचे नंतर कळले. तरीही सर्जनला कॅन्सरचा खरोखर संशय असेल तर ऑपरेशन लांबवू नका. अशा वेळी चीर जांघेतून घेतात, पिशवीतून सुई घालून तुकडा काढत नाहीत.

उपचार बहुधा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. इथेच टीबी आधी नीट नाकारणे जिवाचे आहे. टीबी असताना नुसते स्टेरॉइड दिले तर तो उसळतो. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. स्टेरॉइड मनाने सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये. साखर आणि रक्तदाब तपासत राहावे लागते. मूल हवे असेल तर वीर्यतपासणी आधीच करून घ्या, कारण सुजेने शुक्राणूंची वाट बुजू शकते.

एक गोष्ट वेगळी. अंडकोषात अचानक जीवघेणी कळ आली, विशेषतः वयात येणाऱ्या मुलाला, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघू नका. साधारण सहा तासांत ऑपरेशन झाले तर वृषण वाचण्याची आशा चांगली असते.

आमच्या या भावाची तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. डाग लहान झाले आहेत. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करत आहेत. डोळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.