उठबस, चाल आणि आठवण : धाराशिव जिल्ह्यातून दिसणारे जराचिकित्सेचे शिक्षण

वृद्धांच्या वैद्यकाचा विषय एखाद्या अवयवाशी सुरू होत नाही, की एखाद्या आजाराशी संपत नाही. पंचाहत्तरीच्या बाईला मोतीबिंदू असतो, गुडघे धरलेले असतात, साखर वाढलेली असते, एका कानाने कमी ऐकू येते आणि बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. यांतल्या प्रत्येक तक्रारीला रुग्णालयात वेगळी खोली आहे. रात्री परसात जाताना ती पडेल का, हा प्रश्न मात्र कोणत्याच खोलीचा नसतो. तो विचारायला आणि त्याचे उत्तर शोधायला शिकवणे म्हणजे जराचिकित्सेचे शिक्षण.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जरा’ हे स्वतंत्र अंग मानले आहे. आधुनिक वैद्यकाला तिथपर्यंत यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९३५ मध्ये मार्जरी वॉरेन या डॉक्टरांकडे लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला जोडल्या गेलेल्या गरीबगृहातले (वर्कहाउसमधले) शेकडो अंथरुणाला खिळलेले वृद्ध सोपवले गेले. वॉरेन यांनी एकेकाला नीट तपासले, उठवून बसवले, चालवले. त्यांतले कित्येक घरी परतले. ‘बरा न होणारा’ हा शेरा बहुतेकांवर तपासणी न करताच मारलेला होता. भारतात चेन्नईचे डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी हा विषय लावून धरला आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात जराचिकित्सेचा देशातला पहिला एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीच्या एम्समध्ये तो २०१२ मध्ये आला. मधल्या काळात, २०१०-११ मध्ये, केंद्राने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्याची प्रादेशिक केंद्रे आठ वैद्यकीय महाविद्यालयांना मिळाली, त्यांत मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज होते. या कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांची बाह्यरुग्णसेवा व दहा खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी तपासणी अशी मांडणी आहे. मांडणी चांगली आहे. तिथे बसणारा माणूस काय शिकून आला, यावर पुढचे सगळे अवलंबून.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न आता थेट येऊन ठेपला आहे. जिल्ह्यातल्या गंभीर रुग्णाने सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाई गाठायची, ही वर्षानुवर्षांची रीत. १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२-२३ पासून धाराशिव शहरात सुरू झाले आणि विद्यार्थी इथल्याच रुग्णांवर शिकू लागले. एम.बी.बी.एस.च्या २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात औषधवैद्यकशास्त्राखाली जराचिकित्सेचे स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि दैनंदिन कामांच्या बाजू मिळून एकत्रित मूल्यमापन करता आले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शिवाय पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची, अशी योजना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणली. म्हातारपण शिकायला याहून चांगली जागा मिळणार नाही. वॉर्डात म्हातारा माणूस खाटेवर आडवा दिसतो. घरी तो उंबरा कसा ओलांडतो ते दिसते.

शिकवायची पहिली गोष्ट फार साधी आहे : प्रश्न कोणाला विचारायचा. आजी समोर बसलेली असते आणि विद्यार्थी विचारतो मुलाला, “काय होतंय यांना?” मुलगा म्हणतो, “काय नाय डॉक्टर, वयच झालंय आता.” केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ असे लिहिले जाते आणि तपास तिथेच थांबतो. वैद्यकातले हे सर्वांत महागडे निदान असावे. कारण वृद्धांचे आजार पुस्तकातल्यासारखे समोर येतच नाहीत. न्यूमोनिया होतो पण ताप चढत नाही. हृदयविकाराचा झटका येतो आणि छातीत न दुखता नुसता दम लागतो, घाम फुटतो. लघवीच्या जंतुसंसर्गात कालपर्यंत नीट बोलणारे आबा रात्रीतून बरळू लागतात, घरच्यांना वाटते म्हातारचळ लागला. अचानक आलेली अशी भ्रमावस्था आणि वर्षा-दोन वर्षांत हळूहळू उतरणारी स्मृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पुष्कळदा बरी होते. हा फरक ज्याला कळला, त्याला निम्मा विषय कळला म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत सहा बाबी पाहायला सांगितल्या आहेत : स्मृती, हालचाल, पोषण, नजर, कान आणि मन. यंत्र एकही लागत नाही. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावायचे; १४ सेकंदांच्या आत जमले तर ठीक. गेल्या तीन महिन्यांत वजन तीन किलोहून जास्त उतरले का, भूक लागते का, हे विचारायचे. मागे उभे राहून कुजबुजायचे आणि ऐकू आले का ते पाहायचे. शिकवणाऱ्याचे कसब पुढे लागते, कारण इथल्या कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाची उठबस जमिनीवर किंवा बाजेवर असते. खुर्चीची चाचणी तशीच घेतली तर गडबड होते : खुर्चीवरून सहज उठणारी बाई जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकते, भिंत धरते. तिच्या दिवसाचा खरा कस तिथे लागतो, म्हणून तीही उठबस पाहायची.

स्मृतीच्या चाचणीत तर इतिहासच आडवा येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिक्षणाची भाषा उर्दू, खेड्यांत शाळा विरळ, मुलींसाठी त्याहून विरळ. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या बायकांपैकी अनेकींनी पाटी धरलेली नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या प्रसिद्ध मनःस्थिती चाचणीत वाक्य वाचा, वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा, असे प्रश्न आहेत. त्यात या आजींना कमी गुण पडले तर तो स्मृतिभ्रंश नव्हे, ती शाळा नसल्याची नोंद. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतील निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात हिंदीत याच चाचणीचे रूपांतर झाले, ते याच अडचणीतून. धाराशिवच्या विद्यार्थ्याला चैत्र-वैशाख ओळीने म्हणून घेता येतात, आठवडी बाजाराचा वार विचारता येतो, लक्षात ठेवायला बैल, घागर, आंबा असे शब्द देता येतात. वयाचेही तसेच. जन्मतारीख विचारली तर उत्तर मिळते, “लय झालं की!” रझाकाराच्या साली रांगत होती का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती का, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी नातवंडे होती का, असे विचारत गेले की वय बरेच जवळ येते, आणि आठवण कुठवर शाबूत आहे तेही त्याच गप्पांत कळते.

तिसरी गोष्ट पिशवी. म्हाताऱ्या माणसाने घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायची आणि विद्यार्थ्याने ती एकेक करून टेबलावर मांडायची. सरकारी दवाखान्यातली रक्तदाबाची गोळी, खासगी डॉक्टरने दुसऱ्या नावाने दिलेली तीच गोळी, मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामके, झोपेची गोळी, शेजारणीला गुण आला म्हणून घेतलेले काहीतरी. गुडघ्यासाठी रोज घेतलेले वेदनाशामक मूत्रपिंड बिघडवते, रक्तदाब वाढवते. मग त्या रक्तदाबासाठी आणखी एक गोळी वाढते. झोपेच्या गोळीने पहाटे तोल जातो. त्यातच खेड्यात ‘सुई द्या, सलाईन लावा’ हा आग्रह मोठा. गोळी बंद करणे हाही उपचार आहे, हे विद्यार्थ्याला शिकवायला गोळी लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

जिल्ह्याची घडणही अभ्यासक्रमात यायला हवी. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे, बहुधा नातवंडांसह. रुग्णाला घरी सोडताना ‘घरच्यांना काळजी घ्यायला सांगा’ हा सल्ला अशा घरात निरर्थक ठरतो. तिथे काळजी घेणारी तीच आजी असते. लोहारा-उमरगा पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेली गावे जुन्या गावांपेक्षा कितीतरी पसरट आहेत. जुन्या गावात पार, देऊळ, शेजारणीचा ओटा हाकेच्या अंतरावर असे. आता गुडघे धरलेल्या माणसाला तेवढे चालणेही जड जाते, आणि एकटेपणाची तक्रार तो भूक लागत नाही म्हणून सांगतो.

डॉक्टरांच्या पलीकडे शिकवणे हा या भागाचा जुना वारसा आहे. भूम-परंड्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. ते काम जगभर अभ्यासले गेले. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ नावाने गावोगावच्या बायका तयार केल्या. ही दोन्ही कामे मुख्यतः माता-बालकांच्या आरोग्यावर उभी राहिली, कारण तेव्हाची निकड तीच होती. पण शिकवण्याची पद्धत वृद्धांनाही जशीच्या तशी लागू पडते : थोडे शिकवायचे, लगेच करायला लावायचे, पुन्हा भेटून विचारायचे.

आज ती जागा आशा कार्यकर्तीची आहे. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी ती जो तपासणी-अर्ज भरते, त्यात साठीपुढच्यांना विचारायचे प्रश्न आहेत : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा आणणारे अपंगत्व आहे का, जेवण-कपडे-आंघोळ-संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का. प्रश्न नेमके आहेत. मात्र अर्ज भरण्याच्या घाईत ते सुनेला विचारले जातात आणि ‘नाही’वर खूण होते. आजीला दोन पावले चालवून मग खूण करायची, एवढे प्रशिक्षणात पक्के झाले तरी अर्जाला अर्थ येतो. ‘होय’ आले तर पुढे कोणाकडे पाठवायचे हे आशाला, आणि आलेल्याचे काय करायचे हे केंद्रातल्या परिचारिकेला ठाऊक हवे. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, भरवताना बसते करायचे, टाचा आणि माकडहाडाची कातडी रोज पाहायची : हे घरच्यांच्या हातून करवून घेण्याचे काम परिचारिकेचे, आणि तिच्या प्रात्यक्षिकात त्याला इंजेक्शनाइतकेच वजन असायला हवे.

परीक्षेचा मुद्दा शेवटचा, पण विद्यार्थ्यांच्या लेखी पहिला. जे विचारले जात नाही ते वाचले जात नाही. जराचिकित्सेचे स्वतंत्र विभाग फार थोड्या महाविद्यालयांत आहेत, त्यामुळे हा विषय बहुतेक ठिकाणी औषधवैद्यक आणि जनऔषधवैद्यक या दोन विभागांच्या मध्ये पडतो आणि परीक्षेत त्याच्या वाट्याला एखादी टीप येते. प्रात्यक्षिक परीक्षेत एक टेबल यासाठी ठेवायला खर्च काहीच नाही : त्यावर औषधांची पिशवी, शेजारी ऐकायला कमी येणारे आजोबा, आणि प्रश्न दोनच. यातली कोणती गोळी बंद करशील, आणि ते आजोबांना कसे सांगशील.