शाळेतील लॅपटॉप : अपेक्षा आणि प्रत्यय

एखाद्या नामांकित कारखानदाराचा नवा लॅपटॉप बाजारात आला म्हणजे तो अपेक्षेस उतरला की नाही, याविषयी चर्चा सुरू होते. शहरातील ग्राहकाच्या दृष्टीने ही चर्चा किंमत, वेग आणि रूप यांपाशी संपते. शहापूर-मुरबाडकडील द्विशिक्षकी शाळेच्या दृष्टीने मात्र तेथे तिचा आरंभही झालेला नसतो. पावसाळ्याचे चार महिने जेथे भिंतींना ओल धरते, वादळवाऱ्यात वीज गेली तर ती केव्हा येईल याचा नेम नसतो आणि एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तेथे यंत्राकडून ठेवावयाची अपेक्षाच निराळी असते. लोकवर्गणीतून, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून अथवा शासकीय योजनेतून शाळेकडे संगणक येण्याचे प्रसंग आता विरळ राहिलेले नाहीत. म्हणून हा विचार शिक्षकांनी यंत्र दारी येण्यापूर्वीच करून ठेवणे इष्ट होय.

या वादाचे उदाहरण दूर शोधावयास नको. मुरबाडच्या दक्षिणेस लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, रायगड जिल्ह्यात, खैराट नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी शाळेतील वीस-बावीस मुलांच्या हाती २००७ साली हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान लॅपटॉप देण्यात आले. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग तो हाच. योजनेचे प्रवर्तक अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे निकोलस नेग्रोपोंटी हे होते, आणि यंत्राची बांधणी तैवानच्या क्वांटा या कारखान्याने केली होती. जगात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांचा मोठा वाटा हा कारखाना निरनिराळ्या नामांकित कंपन्यांसाठी बांधीत असे.

या यंत्राविषयीच्या अपेक्षा प्रारंभीच आकाशाला भिडल्या होत्या. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ हे त्याचे नाव यंत्र तयार होण्यापूर्वीच सर्वतोमुखी झाले. २००५ च्या नोव्हेंबरात ट्यूनिस येथील जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा नमुना दाखविण्यात आला, तेव्हा त्याच्या बाजूस एक पिवळा दांडा बसविलेला होता. वीज नसलेल्या गावातील मुलाने दांडा फिरवावा आणि यंत्र चालावे, अशी ती कल्पना. प्रत्यक्ष निर्मितीत तो दांडा गळाला. २००७ च्या अखेरीस यंत्रे कारखान्यातून बाहेर पडू लागली तेव्हा किंमत शंभर डॉलरची सुमारे १८८ डॉलर झाली होती. भारताच्या मानव संसाधन विकास मंत्रालयाने तर २००६ सालीच ही योजना स्वीकारण्यास नकार दिला होता. तिच्या शैक्षणिक उपयुक्ततेविषयीच मंत्रालयाला शंका होती, आणि तेवढ्या पैशात शाळा व शिक्षक यांची गरज आधी भागविणे त्याला अधिक योग्य वाटत होते.

तथापि यंत्र म्हणून पाहिल्यास ते अनेक बाबतींत अपेक्षेहून सरस ठरले, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई; मागील दिवा बंद केला की आकृती कृष्णधवल दिसे आणि वर पडणारा सूर्यप्रकाशच पडदा उजळी. वर्ग अंगणात किंवा ओसरीवर भरविणाऱ्या शाळेला या गुणाचे मोल सांगावयास नको. पुष्कळशा सर्वसाधारण लॅपटॉपांचा पडदा आजही दुपारच्या उजेडात आरशासारखा होतो व मुलांना त्यात स्वतःचेच तोंड दिसते. कळफलक अखंड रबरी आवरणाचा असल्याने धूळ व पाणी आत शिरत नसे. विजेचा खप सामान्य लॅपटॉपाच्या मानाने अत्यल्प होता. उलटपक्षी त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट रॅम आणि अवघा १ गीगाबाइट साठा होता. त्या काळीही हे थोडेच म्हणावयाचे. एक कृती उघडून दुसरी उघडेपर्यंत मुलांना वाट पाहावी लागे.

परंतु यंत्र चांगले असणे आणि त्यामुळे शिक्षण चांगले होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून आला. त्या देशाने या जातीची आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा सुमारे १५ महिन्यांनंतर अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुलांचा संगणकाशी परिचय वाढला होता, विचारशक्तीच्या काही सामान्य कसोट्यांवर थोडी प्रगतीही दिसत होती. मात्र गणित व भाषा या विषयांच्या गुणांत फरक आढळला नाही. बहुतेक शाळांना इंटरनेटची जोड नव्हती आणि यंत्राचा उपयोग पाठात कसा करावा याचे शिक्षकांना मिळालेले मार्गदर्शन तुटपुंजे होते. यावरून लॅपटॉप निरुपयोगी ठरविणे हा घाईचा निष्कर्ष होईल. ज्या अपेक्षेची पूर्तता शिक्षकाच्या पाठातून व्हावयाची, ती यंत्राच्या पेटीत शोधली गेली, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

आपल्या देशातील ‘आकाश’ या टॅब्लेटची कथा याच्या बरोबर उलट आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत त्याचे प्रकाशन झाले. डेटाविंड कंपनीने ते शासनास सुमारे २,२७६ रुपयांस पुरविले होते. किंमत अपेक्षेस उतरली. यंत्र उतरले नाही. पडदा बोटाने दाबावा लागे, बॅटरी दोन-तीन तासांत संपे आणि वेग फारच मंद होता. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे काम आल्यानंतर ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात १ गीगाहर्ट्झचा प्रक्रियक, ५१२ मेगाबाइट रॅम व हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा होता. अवघ्या एका वर्षात झालेला हा बदल पाहता पहिल्या यंत्राची जाहिरात करण्यात घाई झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आजच्या लॅपटॉपांकडे वळावे. कारखानदाराच्या पत्रकातील आकडे खोटे नसतात, पण ते त्याच्या सोयीच्या परिस्थितीत मोजलेले असतात. बॅटरीचेच उदाहरण घ्यावे. पत्रकात ‘१२ तास’ असे लिहिलेले असते. बॅटरीची धारणशक्ती ५० वॅट-तास असेल, तर १२ तास चालण्यासाठी यंत्राचा खर्च सरासरी ४ वॅटच्या आसपास राहिला पाहिजे. पडदा मंद ठेवून एखादे चलचित्र लावून सोडल्यास असे घडू शकते. वर्गात मात्र पडदा पूर्ण उजळ ठेवावा लागतो, आवाज मोठा लागतो, निरनिराळे पाठ उघडले जातात. खर्च १२ वॅटपर्यंत गेला की तेच यंत्र चार तासांत बंद पडते. शिवाय सुमारे ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झालेली बॅटरी मूळ शक्तीच्या सुमारे चार-पंचमांशावर येते. म्हणजे दोन-तीन वर्षांनी हे चार तास तीनावर येतील असेच धरून चालावे. पाचवीच्या वर्गाला भागाकाराचे उदाहरण म्हणून हा हिशेब देण्यासारखा आहे.

साठ्याविषयीही तसेच. ६४ गीगाबाइट लिहिलेल्या यंत्रात पडद्यावर ६० हूनही किंचित कमीच दिसतात; कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि यंत्र १,०२४ च्या पटीने. त्यातील बराच भाग यंत्राची चालक प्रणालीच व्यापते. विंडोज ११ साठी ६४ गीगाबाइट साठा व ४ गीगाबाइट रॅम ही किमान अट आहे. किमान अटीवर घेतलेल्या यंत्रात मुलांच्या पाठांसाठी जागा कोठून उरणार? जुने यंत्र देणगीत येत असेल तर आणखी एक चौकशी आवश्यक आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जी यंत्रे नव्या प्रणालीस पात्र नाहीत ती कार्यालये मोकळी करू लागली आहेत, आणि अशांपैकी काही शाळांच्या दारी येणे स्वाभाविक आहे. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवून ती आणखी काही वर्षे चालविता येतात. मात्र तसे बसवून देणारा माणूस देणगीदाराने यंत्राबरोबर द्यावा.

कळफलकाकडे तर बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. लॅपटॉपावर अक्षरे रोमन असतात. दुसरीतील मुलास ‘क’ कोठे आहे हे त्यावरून कळत नाही. इनस्क्रिप्ट मांडणीची देवनागरी अक्षरे छापलेल्या चिकटपट्ट्या थोड्या खर्चात मिळतात व हा अडथळा दूर होतो. ठाकूर व कातकरी वस्त्यांतील मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून वेगळी असते, ही या दोन तालुक्यांतील शिक्षकांच्या नित्य अनुभवाची गोष्ट आहे. अशा ठिकाणी यंत्रातील ध्वनिमुद्रणाची साधी सोय पुष्कळ उपयोगी पडते. आजीने सांगितलेली गोष्ट मुलाने मुद्रित करून आणावी, वर्गाने ती ऐकावी व फळ्यावर उतरावी. याला इंटरनेट लागत नाही की वेगवान प्रक्रियकही लागत नाही.

शहापूर तालुक्यातीलच पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. शिक्षक संदीप गुंड यांनी ग्रामस्थांच्या सहभागाने त्या आदिवासी पाड्यावरील शाळा डिजिटल केली, विजेच्या अडचणीवर सौरशक्तीचा उपाय योजला, आणि राज्यातील अनेक शिक्षकांना त्यापासून प्रेरणा मिळाली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर डिजिटल शाळांची चळवळ राज्यभर पसरली. पष्टेपाड्यास पाठाची गरज आधी ठरली आणि उपकरण तिच्यामागून आले. खैराटला व पेरूला यंत्र आधी आले होते.

सौरशक्तीचा हिशेबही देण्याजोगा आहे. ५० वॅट-तासांच्या १० यंत्रांस ५०० वॅट-तास लागतात; मधली गळती धरून ६५० म्हणावे. २०० वॅटची पाटी चार तासांच्या चांगल्या उन्हात सुमारे ८०० वॅट-तास देते. जानेवारीत हे जमते. आषाढात जमत नाही, आणि पाटी विकणारा बहुधा जानेवारीतच येतो.

राहता राहिला जडसंग्रह नोंदवहीचा प्रश्न. यंत्र एकदा त्या नोंदवहीत चढले की मोडतोडीचे उत्तर मुख्याध्यापकांस द्यावे लागते, आणि निर्लेखनाची वाट लांबची असते. मग यंत्र मोडू नये म्हणून ते कपाटात बंद होते. ही भीती अकारण आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु लॅपटॉपाची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन महिनोन्महिने पडून राहिली तर ती पुन्हा भरेनाशी होते, आणि कोकणच्या दमट हवेत आतील जोडांवर गंज चढतो. जपून ठेवलेले यंत्र अशा रीतीने वापरलेल्या यंत्राच्या आधी निकामी होते. सुट्टीपूर्वी बॅटरी निम्मी भरून ठेवावी, यंत्र ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवावे. वापर-नोंद स्वतंत्र वहीत ठेवली, तर वापरताना झालेली झीज आणि हलगर्जीपणा यांतील भेद तपासणीच्या वेळी दाखविता येतो.

देणगी स्वीकारण्यापूर्वी यंत्र एक दिवस वर्गात चालवून पाहण्याची विनंती करावी. प्रामाणिक देणगीदार तिला नाही म्हणत नाही. सकाळी पूर्ण भरलेले यंत्र प्रार्थनेनंतर सुरू करून बंद पडेपर्यंत वेळ मोजावा, ओसरीवर नेऊन मागच्या रांगेतील मुलास पडदा वाचावयास सांगावा, एक परिच्छेद देवनागरीत टंकावा, इंटरनेट बंद करून कोणते पाठ उघडतात ते पाहावे. हमीची मुदत, बॅटरी बदलण्याचा खर्च कोणाकडे, आणि दुरुस्ती केंद्र शहापुरास आहे की कल्याणास, हे लेखी घ्यावे. ते कल्याणास असेल, तर शाळेच्या वेळात यंत्र घेऊन तेथे कोण जाणार, हेही त्याच बैठकीत शाळा व्यवस्थापन समितीकडून ठरवून घ्यावे.