पुण्याला आयपीएलचा संघ कसा मिळाला, कसा गेला

व्यावसायिक संघ शहराचे नाव लावतो, पण शहर त्याचे मालक क्वचितच असते. लीग चालवणारी संस्था आणि पैसे मोजणारा मालक यांच्यात करार होतो, आणि त्यातून शहराच्या वाट्याला संघ येतो. पुण्याला २०१० ते २०१७ या काळात आयपीएलचे दोन संघ मिळाले आणि दोन्ही गेले.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये शहर स्वतः या व्यवहारात उतरते. कराच्या पैशातून स्टेडियम बांधून देण्याची तयारी दाखवते, आणि संघाने शहर बदलायचे असेल तर इतर संघमालकांपैकी तीन चतुर्थांश मालकांची संमती लागते. २००५मध्ये मॉन्ट्रियलचा संघ वॉशिंग्टनला गेला, त्यामागे तिथल्या प्रशासनाने सार्वजनिक पैशातून स्टेडियम उभारण्याची दिलेली हमी होती.

भारतात महापालिका या व्यवहारात नसते. क्रिकेट नियामक मंडळ शहरांची यादी काढते. यादीत येण्यासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाचे मैदान, निदान उभे राहत असलेले, आणि ते सांभाळणारी क्रिकेट संघटना हवी. मग उद्योगसमूह बंद लिफाफ्यातून बोली लावतात आणि आपल्या पसंतीचे शहर घेतात. मार्च २०१०मध्ये चेन्नईत दोन नव्या संघांसाठी अशा बोली उघडल्या. यादीत नागपूरही होते. सहारा समूहाने सर्वाधिक ३७ कोटी डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपयांची बोली लावून पुणे घेतले. दुसरा संघ कोचीला गेला. २००८मध्ये मुंबईच्या संघाला मिळालेली किंमत ११.१९ कोटी डॉलर होती. दोन वर्षांत भाव तिपटीवर गेला होता.

पुण्याकडे तेव्हा तयार मैदान नव्हते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे नवे स्टेडियम मावळातल्या गहुंजे गावाजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत उभे राहत होते. ‘पुणे वॉरियर्स’ने २०११चा पहिला हंगाम त्यामुळे नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. शहराच्या नावाचा संघ पाहायला पुणेकरांनी घाट उतरायचा! गहुंज्याचे उद्घाटन १ एप्रिल २०१२ला झाले.

पण पैशाचे गणित जुळले नाही. सहाराने ९४ सामने गृहीत धरून बोली लावली होती. प्रत्यक्षात पहिल्या हंगामात ७४च झाले. संघासाठी मंडळाला द्यायची फी कमी करण्यावरून वाद वाढला, बँक हमी भरली गेली नाही, आणि २०१३मध्ये मंडळाने करार रद्द केला. संघ गेला, गहुंज्याचे मैदान मात्र तिथेच राहिले.

दुसरी संधी त्या मैदानानेच आणली. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर २०१५मध्ये दोन वर्षांची बंदी आली. त्यांची जागा भरायला मंडळाने उलटी बोली मागवली: मंडळाच्या उत्पन्नातला वाटा म्हणून जो सर्वांत कमी रक्कम मागेल, त्याला संघ. संजीव गोएंका यांच्या कंपनीने काही मागितले तर नाहीच, उलट मंडळालाच दरवर्षी १६ कोटी रुपये देऊ केले आणि पुणे निवडले. राजकोट दुसऱ्या कंपनीकडे गेले.

२०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. मैदानांवर लागणारे पाणी लक्षात घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. पुण्याचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला गेले. पुढच्या वर्षी ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’ अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. बंदीची मुदत संपली आणि संघही संपला.

मैदान आणि प्रेक्षक असले तर शहर यादीत येऊ शकते. तिथे टिकायचे की नाही, हे करार ठरवतो, आणि त्या करारावर शहराची सही नसते. पुण्याच्या फुटबॉल संघाचेही २०१९मध्ये हेच झाले; इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. ऑक्टोबर २०२१मध्ये आयपीएलचे आणखी दोन संघ विक्रीला निघाले. त्या वेळी गोएंका यांच्या समूहाने ७,०९० कोटी रुपये मोजून लखनौ घेतले. अहमदाबाद दुसऱ्या कंपनीकडे गेले. मंडळाच्या यादीत पुणे नव्हतेच.