कुऱ्हाडीचं वय कोण सांगेल?

शेत नांगरताना, विहीर खोदताना किंवा गावाच्या पांढरीतली माती काढताना कधीकधी एखादं गंजकं पातं हाती लागतं. ते कशाचं, किती जुनं, हे ओळखायचं कसं?

आधी धार पाहा. धार दांड्याच्या रेषेत असेल, तर ती कुऱ्हाड. दांड्याला आडवी असेल, तर तो सुताराचा वाकस. कुऱ्हाडीचं पातं पाचरीसारखं जाड असेल, तर ते लाकडं फोडायचं. पातळ असेल, तर फांद्या छाटायचं.

मग दांड्याचं भोक पाहा. आपल्या लोहाराच्या कुऱ्हाडीला ते असतंच. असं पातं बहुधा आजा-पणजाच्या काळचं निघेल. पण भोकच नसेल तर?

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली डॉ. सांकळिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले. तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. एकीलाही भोक नाही! लाकडी दांडा चिरून त्यात पातं बसवत नि आवळून बांधत असावेत. नागपूरजवळ माहुरझरीला तर लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. त्या दांड्याला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेल्या होत्या.

जोर्व्याच्या कुऱ्हाडींचं वय कुणी सांगितलं? खापरांनी! जोर्व्याला लाल रंगाची, काळ्या नक्षीची भांडी मिळाली होती. तशीच भांडी पुढे पुणे जिल्ह्यात इनामगावला निघाली. तिथल्या थरांतला कोळसा प्रयोगशाळेत तपासला आणि काळ ठरला : सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा.

आता दुसरी गोष्ट ऐका. त्याच प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा धातूच्या सुंदर मूर्ती सापडल्या. पण त्या तज्ज्ञांनी थराथराने खोदून काढलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या वयाबद्दल जाणकारांत अजून एकमत नाही. मूर्ती हाती आल्या, पण त्यांची अर्धी गोष्ट मातीतच हरवली.

म्हणून मुलांनो, असं पातं सापडलं तर चिंचेनं घासू नका, भंगारात घालू नका. कुठं, किती खोल सापडलं ते वहीत लिहा. आजूबाजूची खापरं हलवू नका. लगेच गुरुजींना, तलाठ्यांना सांगा. फुटकं खापर फुकट वाटतं खरं, पण कुऱ्हाडीची जन्मपत्रिका त्याच्याजवळच असते, बरं का!