विंधन विहिरीच्या पाण्याचा जमाखर्च

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पाणी किती आहे याची चिंता आपणां सर्वांस आहे. तें कसें आहे याची चौकशी मात्र फारसें कोणी करीत नाहीं.

पाण्याइतके पदार्थ विरघळविणारा दुसरा द्रव क्वचितच असेल. पावसाचें पाणी जवळजवळ क्षाररहित असतें. तें मुरतांना मातींतील कर्बाम्लवायु घेऊन किंचित् आम्ल बनतें, आणि नांदेड-लातूरकडील बहुतेक रानांखालीं असलेल्या काळ्या पाषाणांतून चुना, मॅग्नेशियम व सोडियम यांचे क्षार आपल्यांत घेतें. मुक्काम जितका खोल व दीर्घ, तितका हा बोजा बहुधा अधिक.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत जन्म घालविला. त्यामुळें जमेबरोबर शिल्लकही पाहण्याची आम्हांस खोड आहे. लिटरमागें १ ग्रॅम क्षार असलेलें पाणी एकरास ३ इंच दिलें, तर सुमारें ३ लक्ष लिटर पाण्याबरोबर ३ क्विंटल क्षार शेतांत जमा होतात. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाहीं. पीकही बहुतेक क्षार मागेंच ठेवतें. अशा पांच पाळ्या झाल्या कीं १५ क्विंटल शिल्लक पुढें ओढली जाते. ती खर्ची टाकतो तो पाऊसच. पण निचरा नसलेल्या चिकण रानांत त्यालाही वाट मिळत नाहीं.

सर्व क्षार सारखे नव्हेत. चुन्याच्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेंस येत नाहीं. तें घरांत लगेच कळतें. सोडियमचें पाणी हातास मऊ लागतें, परंतु तेंच काळ्या मातीचे कण विस्कटून जमीन चोपण करतें. म्हणून चवीवर भरंवसा ठेवूं नये.

पंप अर्धा तास चालवून, त्याच पाण्यानें विसळलेल्या स्वच्छ बाटलींत लिटरभर पाणी भरावें व माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावें. सोडियम अधिक निघाल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यानें जिप्सम घालावें, निचऱ्याचे चर काढावे, आणि शेततळ्यांत धरलेलें पावसाचें पाणी त्यांत मिसळून द्यावें.

सातबाऱ्यावर एकरांचा आंकडा तोच राहतो. जमीन मात्र आंतून खालावत जाते. ती नोंद कोणताही तलाठी घेणार नाहीं; ती ज्याची त्यानेंच ठेविली पाहिजे.